नाव छापू का?

मित्रांनो, घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादा सिनेमा पाहायचा आणि तो संपल्यावर त्याच्यावरूनच भांडायचं, असं तुमच्याकडे कधी झालंय का? आमच्या घरात झालं. त्या भांडणात माझी एक जुनी चूक बाहेर आली. ती तुम्हाला सांगावी, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी माझी ओळख करून देतो. मी धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात राहतो. पूर्वी या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. माझं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि त्याबरोबर मी एका दैनिकाचा वार्ताहर आहे. वार्ताहर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गळ्यात कॅमेरा अडकवून गुंडांच्या मागे धावणारा कुणीतरी उभा राहत असेल. खरं सांगू? माझं निम्मं आयुष्य तहसील कचेरीच्या व्हरांड्यात साहेबांची वाट बघण्यात गेलं. उरलेलं निम्मं, पाऊस किती मिलिमीटर झाला आणि सोयाबीनला काय भाव मिळाला, हे विचारण्यात!

तर झालं असं. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' हे पत्र सुरू केलं, म्हणून. माझी मुलगी नववीत आहे. तिला शाळेत 'पत्रकार' या विषयावर निबंध लिहायचा होता. शेजारी राहणारे निवृत्त गुरुजी म्हणाले, "नुसतं पुस्तकातून उतरवून काढू नकोस. आपण 'कमला' पाहू. मग तुला जे वाटेल ते लिही."

'कमला' हा हिंदी चित्रपट १९८४ सालचा. जगमोहन मुंदडा यांनी तो दिग्दर्शित केला आणि विजय तेंडुलकरांच्या त्याच नावाच्या मराठी नाटकावरून तो काढला. हा मोठ्यांसाठीचा सिनेमा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही पाहणार असाल तर आईबाबांना शेजारी बसवूनच पाहा. आमच्याकडे तर प्रेक्षकांचा मेळावाच भरला होता. मी, माझी बायको, माझी आई, मुलगी, अकरावीतला पुतण्या आणि गुरुजी. रविवारची संध्याकाळ होती, आणि नशिबानं लाइटही होती.

गोष्ट थोडक्यात सांगतो. जयसिंग जाधव हा दिल्लीतल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राचा गाजलेला बातमीदार. आपल्या देशात अजूनही बायकांची गुरांसारखी खरेदी-विक्री होते, असं त्याला समजतं. पण नुसतं लिहून कोण विश्वास ठेवणार? पुरावा पाहिजे. म्हणून तो स्वतःच त्या बाजारात जातो, कमला नावाच्या एका गरीब बाईला विकत घेतो आणि दिल्लीला आपल्या घरी आणतो. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद बोलावून तिला सगळ्यांपुढे उभं करतो. देशभर खळबळ उडते. जयसिंगचं नाव होतं. कमलाची रवानगी मात्र एका आश्रमात होते. पुढे बड्या लोकांचा दबाव येतो आणि खुद्द जयसिंगचीही नोकरी जाते.

सिनेमा संपला आणि पुतण्यानं टाळीच वाजवली. "काका, याला म्हणायचं पत्रकार! कुणी मानत नव्हतं ना? यानं पुरावाच आणून दाखवला. जिवाचा धोका पत्करला. नोकरी गेली तरी हरकत नाही."

"आणि तिचं काय?" मुलगी एकदम उसळली. "त्यानं तिला सांगितलं तरी का, की मी तुला कुठे नेतोय, कशाला नेतोय? ते पत्रकार तिला नाही नाही ते प्रश्न विचारतात, हसतात. आणि हा घरी येऊन तेच हसत हसत सांगतो! मला तर त्याचा रागच आला."

"अगं, पण त्यानं बातमी दिली नसती तर असल्या कितीतरी कमला कुणाला कळल्या नसत्या."

"कळल्या. पण हिचं काय झालं?"

झाली की जुंपली! शेवटी गुरुजींनी हात वर केला. वर्गात करायचे तसा.

"आधी खरं काय आणि रचलेलं काय, ते वेगळं करू," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते असं. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. १९८१ च्या एप्रिल महिन्यात 'इंडियन एक्स्प्रेस'चे बातमीदार अश्विनी सरीन यांनी खरोखरच एका बाईला २३०० रुपयांना विकत घेतलं आणि त्याची बातमी दिली. त्या बातमीतही तिचं नाव कमलाच होतं. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानं माणसांच्या व्यापाराला बंदी घातली आहे. घटना लागू होऊन ३१ वर्षं झाली होती, तरी असा बाजार भरत होता, हे त्या बातमीनं देशाला दाखवून दिलं. तेंडुलकरांनी त्यावरून नाटक लिहिलं. पण नाटकात त्यांनी बातमीदाराचं नाव बदललं, किंमत बदलून २५० रुपये केली, आणि बातमीदाराचं घर, त्याची बायको सरिता, सरिताचे काकासाहेब ही माणसं स्वतः निर्माण केली.

पुतण्याचा चेहरा पडला. "म्हणजे सिनेमा खोटाच की!"

"खोटा नाही रे. बातमीदार काय घडलं ते सांगतो. त्याला एक रुपया इकडचा तिकडे करता येत नाही. नाटककार ते घडत असताना माणसांच्या मनात काय चाललं असेल, ते दाखवतो. पडद्यावर 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी आली की एवढंच समजायचं, की पाया खरा आहे, वरच्या भिंती कुणीतरी बांधल्यात. कुठली भिंत कुणी बांधली, ते विचारायची सवय ठेवावी."

मला स्वतःला काकासाहेबांचं पात्र आवडलं. ते फलटणहून आलेले आहेत. आपल्या गावात मराठी वर्तमानपत्र चालवणारे जुन्या वळणाचे गृहस्थ. जयसिंगच्या धडाकेबाज पत्रकारितेकडे ते जरा तिरक्या नजरेनं बघतात. आता तालुक्याच्या वार्ताहराला त्यांच्याविषयी जवळीक वाटणारच! ज्या बाईची बातमी, तिला वाचता येणार नाही अशा भाषेत ती छापली जाते, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

इतका वेळ गप्प बसलेली माझी बायको म्हणाली, "मला तर एकच जागा लक्षात राहिली." तुम्हालाही सांगतो. कमलाला वाटतं, आपल्याला घेतलं तसंच या घरातल्या बाईलाही मालकानं विकतच घेतलं असणार. ती अगदी साधेपणानं सरिताला विचारते, की तुम्हाला कितीला घेतलं? सरिता आधी गोंधळते. पण त्या प्रश्नानं तिचे डोळे उघडतात. या घरात आपल्यालाही कुणी काही विचारत नाही, हे तिच्या लक्षात येतं.

"देशातल्या अन्यायाची एवढी माहिती असलेल्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरातलं काही दिसत नाही, बघा," बायको म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी लगबगीनं उठलो आणि चहा टाकायला आत गेलो. पुतण्या खो खो हसला.

चहा घेऊन बाहेर आलो, तर आई पदराच्या टोकाशी चाळा करत बसलेली. ती सिनेमाभर एक शब्द बोलली नव्हती. मुलीनं विचारलं, "आजी, तुला कसा वाटला?"

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या बाईला समद्यांम्होरं उभी केली ना, तवा मला ते फोटोवालं आठिवलं."

मित्रांनो, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुमच्या आजी-आजोबांना विचारा. गणपती बोळवून लोक झोपले होते. चार वाजायला काही मिनिटं असताना लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावंच्या गावं कोसळली. आमच्याकडे दगडमातीच्या जाड भिंतींवर माळवदाची घरं असत. वर मातीचा थरच थर. ती झोपलेल्या माणसांवर बसली. सुमारे १० हजार माणसं गेली. मी तेव्हा १२ वर्षांचा होतो. आमच्या घरातली माझी आजी गेली.

"तिसऱ्या दिशी आला त्यो," आई सांगत होती. "मी ढिगाऱ्यावर भांडी हुडकत होते. त्यानं फोटो काढला. मग म्हणाला, बाई, परत एकदा बसा, त्यो हंडा हातात घ्या. मी बसले. मला वाटलं, सरकारचाच माणूस हाय. नंतर कुणीतरी पेपर आणून दाखिवला. फोटो माझा, आन खाली लिवलं होतं, भूकंपग्रस्त महिला." आई जरा थांबली. "माझं नाव बी न्हाई इचारलं त्यानं."

आम्ही सगळे गप्प झालो. तीस वर्षांत आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. वार्ताहर असलेल्या मुलाला!

त्या वेळी वर्तमानपत्रांनी आणि त्यांच्या फोटोंनी मोठं काम केलं, हेही तितकंच खरं. देशभरातून कपडे, धान्य, औषधं आली, माणसं मदतीला धावली, ती त्या बातम्या वाचूनच. म्हणजे तो फोटो चांगल्या कामालाच लागला. पण त्यातल्या बाईला मात्र आजही तो हंडा आठवतो.

आता माझी पाळी होती. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्ही तर पत्रकार आहात. जयसिंगचं बरोबर की चूक?"

उत्तर द्यायच्या ऐवजी मी त्यांना माझीच गोष्ट सांगितली. ती तोपर्यंत मी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

२०१६ सालचा दुष्काळ. त्या वर्षी लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आठवतं? तुमच्यातले काही तेव्हा फार लहान असतील. आमच्याकडेही विहिरी कोरड्या, बोअर आटलेले. मार्चमध्ये मी एका गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल. टँकर यायचा अकरा वाजता, म्हणजे ऐन शाळेच्या वेळेला. रांगेत सातवीतली एक मुलगी घागरी घेऊन बसली होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले. घरी ती, धाकटा भाऊ आणि गुडघ्यांनी अधू झालेली आजी. पाणी भरायला दुसरं कुणी नाही, म्हणून तिची शाळा महिनाभर बुडाली होती.

मी नीट चौकशी केली. सरपंचांना विचारलं. शाळेत जाऊन हजेरीपट बघितला. टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं. तिघांकडून खात्री झाली, मग बातमी लिहिली. मुलीचं नाव, गाव, शाळा, इयत्ता आणि घागरीसह फोटो. कचेरीत वरचा मथळा बसला : आईबाप उसाच्या फडात, लेक टँकरच्या रांगेत.

बातमी गाजली. चार दिवसांत गावाला टँकरची दुसरी खेप सुरू झाली, तीही सकाळी सातला. मुलांची शाळा बुडायची थांबली. मला शाबासकीचे फोन आले. आमच्या चौकात दोघा-तिघांनी थांबवून हात मिळवला. मी तो अंक दुकानात काचेखाली लावला होता.

पुढच्या वर्षी ६ जानेवारीला एका शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावलं. भाषण झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. निघताना फाटकापाशी एक मुलगी उभी होती. मी ओळखलंच नाही तिला. ती म्हणाली, "काका, तुम्ही माझं नाव का छापलं?"

मी म्हटलं, "अगं, तुझ्यामुळे गावाला पाणी मिळालं!"

"मला पोरं टँकर म्हणतात," ती म्हणाली. "आणि आमच्या पाहुण्यांनी पेपर वाचून दादांना फोन केला, की पोरीला वाऱ्यावर सोडलं म्हणून. दादा फड सोडून आले. उचल घेतली होती, ती अंगावर राहिली. दादा कुणाशीच बोलत नव्हते. त्यांनी आम्हाला सोडलं नव्हतं, काका. ते आमच्यासाठीच गेले होते."

ऊसतोडीला जाणारी माणसं मुकादमाकडून आधी पैसे घेतात. त्याला उचल म्हणतात. काम अर्धवट टाकलं की ती फेडायची राहते आणि डोक्यावर कर्ज होतं. मी वार्ताहर, मला हे चांगलं ठाऊक होतं. पण बातमी लिहिताना ते माझ्या मनातही आलं नाही.

मी म्हटलं, "मी खोटं काही लिहिलं नव्हतं."

"खोटं नव्हतंच," ती म्हणाली. "पण मला विचारलं नव्हतं."

मित्रांनो, त्या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही. मी सरपंचांना विचारलं होतं, गुरुजींना विचारलं होतं, टँकरच्या ड्रायव्हरलाही विचारलं होतं. जिची बातमी होती, तिला सोडून सगळ्यांना विचारलं होतं! तिच्याशी मी बोललो, ते फक्त माहिती काढण्यापुरतं. 'तुझं नाव छापू का?' एवढा चार शब्दांचा प्रश्न मला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातला तो अंक काढला आणि तिच्या घरी गेलो. वडील घरीच होते. मी माफी मागितली. ते बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "तुमी खोटं लिवलं न्हाई. पाणी बी आलं. पर माझ्या घराचं दार तुमी उघडं टाकून गेलात." एवढंच. त्यांनी मला चहा दिला. माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती उचल फिटायला त्यांना आणखी दोन हंगाम लागले.

मी बोलायचा थांबलो. बायको आणि आई माझ्याकडे बघत होत्या. गुरुजींनी चष्मा पुसला.

"तुम्ही अमेरिकेतला तो सिनेमा पाहिलाय?" गुरुजींनी विचारलं. मी पाहिला होता. 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन', १९७६ सालचा. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत १९७२ साली काही लोक विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरताना पकडले गेले. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या वुडवर्ड आणि बर्नस्टीन या दोन तरुण बातमीदारांनी धागा धागा जोडत त्याचा माग काढला. पुढे सरकारी चौकश्या झाल्या, खटले झाले आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. सिनेमात पाहाल तर मारामारी नाहीच. फोन करायचे, दारं ठोठवायची, लोकांनी तोंडावर दार लावलं की पुढचं दार.

"त्यांना आतली माहिती देणारा एक बडा अधिकारी होता," गुरुजी पुतण्याला म्हणाले. "त्याचं नाव त्या दोघांनी तीस वर्षांहून जास्त काळ बाहेर येऊ दिलं नाही. २००५ साली तो स्वतः पुढे आला, तेव्हाच जगाला कळलं. आता तूच बघ. मोठ्या अधिकाऱ्याचं नाव तीस वर्षं झाकून ठेवता येतं. आणि कमलाचं?"

"पहिल्याच दिवशी छापलं," पुतण्या हळूच म्हणाला.

मग मात्र तो थांबला नाही. "पण काका, तुम्ही नाव छापलं नसतं, फोटो दिला नसता, तर टँकर आला असता का?"

प्रश्न रास्त होता. मी खूप विचार केलाय त्याच्यावर. नाव नसलेली बातमी अधिकारी झटकून टाकतात, 'कुठली मुलगी? दाखवा' म्हणतात. त्यामुळे जयसिंगला नुसतं वाईट म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. तो बाजार खरा होता. तो जगापुढे आणणं गरजेचंच होतं. माझ्या बातमीतला टँकरही खरा होता. पण गावाचं नाव, हजेरीपटावरचे आकडे, सरपंचांचं म्हणणं, एवढ्यावर ती बातमी उभी राहिली असती. फोटो रांगेचा देता आला असता, पाठमोरा. थोडी जास्त मेहनत पडली असती, इतकंच.

"आणि तिला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती का?" मुलीनं विचारलं.

"म्हणाली असती कदाचित. किंवा म्हणाली असती, की दादांना फोन करून विचारा. ते तिनं ठरवायचं होतं. तिच्या वतीनं मी ठरवून टाकलं."

आई पटकन म्हणाली, "इचारायचं की रे. मला इचारलं असतं तर मी नाव सांगितलं असतं माझं."

बघा, किती गंमत आहे! एकीचं नाव छापलं म्हणून दुःख, दुसरीचं छापलं नाही म्हणून दुःख. मी बसल्या बसल्या नियम शोधत होतो, की नाव छापावं की छापू नये. आईनं तो सोडवून टाकला.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर कायदाच आहे. बाल न्याय कायदा, २०१५. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे जे मूल एखाद्या गुन्ह्यात सापडलं आहे, ज्याच्यावर अन्याय झाला आहे, जे साक्षीदार आहे किंवा ज्याला आधाराची गरज आहे, त्याचं नाव, पत्ता, शाळा, फोटो असं ओळख पटवणारं काही छापता येत नाही. माझी बातमी त्यात बसत होती की नाही, ते वकील सांगतील. पण माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता मी लिहून ठेवलंय : खरं आहे का? दोघांनी सांगितलं का? ज्याची बातमी आहे, त्याला विचारलं का?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पत्रकार आहोत? अहो, तुमच्या घरातल्या मोबाईलमध्ये कॅमेरा आहे ना? वर्गात कुणी रडलं, कुणी पडलं, कुणाचा डबा सांडला, की फोटो काढून सगळ्यांना पाठवणारे तुमच्यात आहेतच. तेही बातमीच देत असतात. आणि आईबाबांनो, मुलांचे निकाल, आजारपण आणि रडके चेहरे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकताना आपण तरी त्यांना कुठे विचारतो?

मुलीनं निबंध लिहिला. काय लिहिलं ते तिनं मला दाखवलं नाही. मी मागितलाही नाही. पण तिच्याकडे वर्गाच्या भित्तिपत्रकाचं काम आहे. त्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलाला बसस्टँडवर पैशांचं पाकीट सापडलं होतं आणि त्यानं ते कंट्रोलरकडे नेऊन दिलं होतं. मुलीनं त्याची बातमी तयार केली. कंट्रोलरसाहेबांना विचारून खात्री केली. मग मधल्या सुट्टीत ती त्या मुलाला शोधत गेली आणि विचारलं, "तुझं नाव छापू का?"

तो तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "छाप की ताई! मोठ्या अक्षरात छाप!"